पाटी लावली की झालं!

आमच्याकडे माळ्यावर चढायला एक लाकडी शिडी होती. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्याच्याही आधीची. एका वर्षी तिची खालून तिसरी पायरी खिळखिळी झाली. सुताराला निरोप धाडला. तो 'आज येतो, उद्या येतो' करत राहिला. शेवटी मी, शिकवणारी बाई पडले ना, एका पुठ्ठ्यावर चांगल्या ठळक अक्षरात लिहिलं, 'शिडी नादुरुस्त आहे. चढू नये.' आणि तो पुठ्ठा सुतळीने शिडीला बांधून टाकला. मला वाटलं, केवढं काम केलं!

सासूबाईंनी चष्मा पुसला, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुझं. पण मला एक सांग, पाटी लावल्यामुळे पायरी घट्ट झाली का?"

"नाही, पण घरातल्यांना कळेल तरी."

"कळेल की. आणि दिवाळीचे डबे काढायला माळ्यावर कोण चढणार? तूच ना? आणि चढणार कशावरून? ह्याच शिडीवरून. दुसरी आहे का घरात?"

मी गप्प. त्यांनी दुपारीच ती शिडी मागच्या अंगणात नेऊन आडवी टाकायला लावली आणि वर हुकूम सोडला, सुतार येऊन दुरुस्त करेपर्यंत माळ्यावरचं काही मागायचं नाही. दोन दिवस जेवणात पापड आला नाही, तशी आमच्या ह्यांना एकदम जाग आली. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन सुताराला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले!

ही शिडी मला सारखी आठवायला लागली ती १५ जून २०२५ पासून. तो रविवार होता. आमच्या तळेगावपासून जवळच, इंदोरीच्या बाजूला कुंडमळा आहे. तिथे इंद्रायणी खडकांतून फेसाळत जाते, त्यामुळे पावसाळ्यात बघ्यांची झुंबड उडते. तिथला लोखंडी पूल दुपारी माणसांसकट नदीत कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. शोधकार्य रात्रीपर्यंत चाललं होतं. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी कोणाच्या घरी टीव्ही बंद नव्हता, आणि ज्याची त्याची मुलं घरात आहेत ना, हे जो तो दोनदोनदा मोजून बघत होता.

पूल कसला म्हणायचा तो! जेमतेम चार फूट रुंदीचा, तीसेक वर्षांपूर्वीचा, गावकऱ्यांना आणि शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून बांधलेला. तो धोकादायक झाला आहे हे सरकारदरबारी माहीत होतं. माहीत नव्हतं असं कोणी म्हणूच शकत नाही, कारण तशी पाटी तिथे लावलेली होती! नव्या पुलासाठी आठ कोटी रुपये मंजूर झाले होते. कामाचा आदेशसुद्धा अपघाताच्या थोडेच दिवस आधी निघाला होता. म्हणजे बघा, आजार माहीत, औषध माहीत, औषधाचे पैसे मंजूर, चिठ्ठीही लिहून झालेली. फक्त औषध आणायला कोणी गेलं नव्हतं, आणि रोग्याच्या उशाशी तेवढी पाटी, 'प्रकृती गंभीर आहे. जवळ गर्दी करू नये.'

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर. 'पाटी लावली होती, लोकांनी वाचली नाही.' 'लोकांना शिस्तच नाही.' 'सेल्फीपायी जीव जातो.' ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, की पूल लोखंडाचा नव्हताच, पाटीचाच होता. आणि पाटी तर शाबूत आहे, मग तक्रार कसली करता?

आता दुसरी बाजू ऐका. आमच्याकडे दूध घालायला नदीपलीकडच्या गावातली एक बाई यायची. नवऱ्याच्या मोटारसायकलला दोन्ही अंगांना कॅन, मागे ही बसलेली. अपघाताच्या आधीच्या वर्षी मी शहाणपणाने तिला म्हटलं होतं, "अगं, त्या पुलावरून गाडी नेऊ नये म्हणून पाटी आहे ना? मग कशाला जिवाशी खेळ करता?"

ती हसली. म्हणाली, "बाई, पाटी वाचून दूध पलीकडं जातं का? लांबून वळसा घालायचा तर पेट्रोलमध्येच दुधाचं पैसं जायाचं. तुमी वरचे दोन रुपये द्याल का लिटरला?"

मी द्यायला तयार नव्हते, हे कबूल करते. त्या महिन्यात तेलाचा भाव वाढला होता.

तिचा प्रश्न अगदी आमच्या सासूबाईंचाच. दुसरी शिडी आहे का घरात? नसेल, तर 'चढू नये' या पाटीचा अर्थ काय घ्यायचा? 'चढा, पण पडलात तर आमच्याकडे येऊ नका', एवढाच ना?

आणि जे हौसेने गेले त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. विचाराच. कारण त्या हौशींमध्ये मीही आहे. माझ्या धाकट्या वन्सं डोंबिवलीला असतात. दर पावसाळ्यात एका रविवारी त्या मुलांना घेऊन येतात आणि 'वहिनी, यंदा कुठे नेणार?' असं दारातच विचारतात. अशाच एका पावसाळ्यात मी सगळ्यांना कुंडमळ्याला नेलं होतं. ती पाटी मी वाचली. मोठ्याने वाचली, कारण मुलांना वाचून दाखवायची सवय! वन्सं म्हणाल्या, "वहिनी, जायचं ना मग?" आणि मी, बी. ए. झालेली, आठवड्यातले चार दिवस मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई, काय म्हणाले असेन? म्हणाले, "जाऊ या हो. आपण चौघंच तर आहोत."

त्या रविवारी, १५ जूनला, पुलावर शंभराच्या आसपास माणसं होती असं छापून आलं. मी तेव्हापासून एकच विचार करते आहे, त्या शंभरांत 'आपण चौघंच तर आहोत' असं म्हणून चढलेली पंचवीस कुटुंबं असतील. त्यात एखादी माझ्यासारखीच वहिनी असेल. तिने डब्यात भडंग भरून घेतलं असेल, मुलांचे जादा कपडे पिशवीत घातले असतील. आमचा पूल त्या दिवशी पडला नाही, एवढाच काय तो माझ्या आणि तिच्या शहाणपणातला फरक. म्हणून 'लोकांना शिस्त नाही' असं कोणी म्हणालं की मी मान डोलावत नाही. शिस्त मलाही नव्हती. पण पूल शिस्तीवर उभा राहत नाही, खांबांवर राहतो. खांब बघणं हे माझं काम नव्हतं, ते ज्यांचं होतं त्यांनी मला पाटी वाचायला दिली.

लोणावळ्याचंही तेच. भुशी धरण हे मुळात वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने बांधलेलं. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि त्या पायऱ्यांवर बसून भजी खाणं हे महाराष्ट्राचं पावसाळी व्रत झालं. ३० जून २०२४, तोही रविवारच. धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी राहिलेली ती माणसं सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली. मी एकदाच पाहिलं. पुन्हा कोणी पाठवलं की न उघडता पुसून टाकते.

त्यानंतर काय झालं? मनाईहुकूम निघाला. खोल पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, दारू पिऊ नये, संध्याकाळी सहानंतर थांबू नये. धरणाजवळच्या टपऱ्याही हटवल्या. टपऱ्या म्हणजे मक्याची कणसं, चहा, भजी विकणाऱ्या गावच्या बायाबापड्यांचं हंगामी पोट. आता त्या अनधिकृत होत्या, हे मान्य. पण मला सांगा, त्या माणसांना पाण्याने ओढलं की कणसाने? वर्षानुवर्षं पाण्यापाशी धड एक साखळी नाही, दोर घेऊन उभा राहणारा पोहणारा माणूस नाही, वर पाऊस वाढला तर खाली भोंगा वाजवायची सोय नाही. ते करायला खर्च येतो. टपरी हलवायला फक्त ट्रक लागतो, आणि फोटोही चांगला येतो.

मनाईहुकूम एका महिन्यापुरता होता. पुढच्या जूनमध्ये पाऊस पुन्हा वेळेवर आला, माणसंही वेळेवर आली. आणि कुंडमळा झालं. मग पुन्हा मनाईहुकूम, पुन्हा पाट्या. मावळात आता धबधबे जास्त की पाट्या जास्त, हे मोजायला एखादी समिती नेमावी लागेल!

बरं, पाटी न लावता काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते? महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल पुरात गेला. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एस. टी. गाड्या आणि आणखी वाहनं काळोखात नदीत गेली. त्या पुलावर धोक्याची पाटी नव्हती. उलट, त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य आहे असं ठरलं होतं, असं सरकारनेच सांगितलं. म्हणजे सावित्रीचा पूल 'ठीक आहे' म्हणून पडला आणि इंद्रायणीचा पूल 'ठीक नाही' म्हणून पडला. प्रगतिपुस्तकात पास लिहा नाहीतर नापास लिहा, मुलाचा अभ्यास घ्यायचा नाही हे मात्र दोन्हीकडे पक्कं.

सावित्रीवर त्यानंतर काय झालं, हे मुद्दाम सांगते. तिथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. हे वाचून मला एकाच वेळी बरंही वाटलं आणि संतापही आला. म्हणजे येतं तर! आपल्याकडे पूल बांधता येतात, तेही वेळेआधी. फक्त तो महामार्गावरचा लागतो, आणि आधीचा माणसांसकट पडलेला लागतो. नदीपलीकडे दूध घालणारीचा पूल असेल तर त्याला मुहूर्त बघावा लागतो. आधी मंजुरीचा, मग निविदेचा, मग आदेशाचा, आणि तोवर पावसाळा येतो. पावसाळ्यात काम करता येत नाही. पावसाळ्यात पडता मात्र येतं.

आता जरा गंमत ऐका. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात. तिथल्याच अंगाला टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट. खाली खोल दरी, वर धुकं, हातात गरम चहा. या ठिकाणी काचेचा पूल व्हावा, असं २०२४ मध्ये ठरलं. स्कायवॉक म्हणतात त्याला. काचेवर उभं राहायचं आणि पायाखाली दरी बघायची. जोडीला दोरीवरून घसरत जायचे खेळ, प्रकाश आणि आवाजाचे कार्यक्रम वगैरे. अंदाजे खर्च तीनशे तेहतीस कोटी रुपये!

माझा काचेवर राग नाही. पर्यटन वाढलं तर चिक्की खपते, रिक्षा चालते, चार घरांत चूल पेटते, हे लोणावळ्याच्या माणसाला कोणी शिकवायला नको. पण मी गृहिणी आहे, हिशेबाची वही लिहिते. तीनशे तेहतीसला आठाने भागा. एकेचाळीस! एका काचेच्या पुलात कुंडमळ्यासारखे एकेचाळीस पूल. मावळात ओढे-नाले किती आणि त्यावरचे डुगडुगते साकव किती, हे मला ठाऊक नाही, पण एकेचाळिसांत त्यातले बरेच धड झाले असते. आणि एकच नदी बघा. उगमापाशी तिच्या नशिबी काच, आणि थोडं खाली उतरली की गंजलेलं लोखंड आणि पाटी.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "न्हाणीघराचं छप्पर गळत असताना दिवाणखान्यात झुंबर लावतो तो बाप्या, दुसरं काय!"

आकड्यांचीही एक गंमत असते, बरं का. आकडा मोठा असला की पुढाऱ्यांना त्याचा लळा लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्या तळेगावचं नाव साऱ्या देशात गाजलं. वेदांत आणि फॉक्सकॉन मिळून एक लाख चौपन्न हजार कोटींचा चिप बनवण्याचा कारखाना काढणार होते. तो तळेगावला येणार, येणार म्हणता म्हणता गुजरातला जाणार असं जाहीर झालं. काय ती रणधुमाळी! तुमच्यामुळे गेला, नाही तुमच्यामुळे गेला. आंदोलनं झाली, पत्रकार परिषदा झाल्या. आमच्या वाण्याच्या दुकानात साबुदाणा तोलता तोलता सेमीकंडक्टरवर भाषणं व्हायची. आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं! नवरी ना ह्या मांडवात आली ना त्या मांडवात, आणि वऱ्हाडी दहा महिने एकमेकांचे फेटे उडवत बसले.

त्या दहा महिन्यांतसुद्धा कुंडमळ्याचा पूल तिथेच होता. रोज थोडा थोडा गंजत होता. त्यासाठी कोणी कोणाचा फेटा उडवला नाही. आठ कोटी म्हणजे पुढाऱ्याच्या तोंडात मावत नाही असा आकडा नव्हे ना! मोठा आकडा हरवला तर भांडण होतं, छोटा आकडा पडून राहिला तर पाटी लागते.

पाटीवरून आठवलं. बोरघाटात एक जुना पूल होता, १८३० सालचा. त्यावर कधीकाळी अमृतांजनची जाहिरात होती, म्हणून साऱ्या महाराष्ट्राने त्याला 'अमृतांजन पूल' नाव देऊन टाकलं. बांधणारा कोण, ते राहिलं बाजूला. त्याचे खांब द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांना आडवे येत होते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा तो सुरुंग लावून दोन-तीन दिवसांत पाडलासुद्धा. मोटारींना अडचण झाली तर एकशे नव्वद वर्षांचा दगडी पूल दोन-तीन दिवसांत उतरतो. माणसांना धोका असेल तर तीस वर्षांचा लोखंडी पूल उतरवायला वेळ मिळत नाही. तो आपण होऊन उतरेपर्यंत वाट बघायची.

अपघातानंतर जे जे होतं ते आपल्याला पाठ झालं आहे. मृतांच्या नातेवाइकांना पाच लाख. जखमींचा खर्च सरकारचा. राज्यातल्या सगळ्या पुलांच्या तपासणीचे आदेश. सखोल चौकशी. यात पाच लाखांना मी हसत नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला ते लागतात. पण तपासणीचे आदेश सावित्रीनंतरही निघाले होते ना? मग त्या तपासण्यांचे कागद कुठे आहेत? आपल्या गावच्या पुलाचा कागद आपण कधी पाहिला आहे?

मैत्रिणींनो, इथे मी माझा थट्टेचा सूर जरा बाजूला ठेवते. 'आपण बायका काय करणार' असं म्हणून मासिक मिटू नका. शेजारच्या पानावर लोणच्याची कृती आहे, तशीच ही एक साधी कृती समजा.

साहित्य : एक कोरा कागद, एक पेन, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. कागदावर आपल्या रोजच्या वाटेवरच्या पुलाचं, साकवाचं नाव लिहा आणि खाली चार प्रश्न विचारा. याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? कोणी केली, आणि त्या अहवालाची प्रत मिळेल का? धोकादायक ठरला असेल तर तो बंद का केला नाही? नवा मंजूर असेल तर काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार? अर्ज ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, नगरपरिषदेत किंवा बांधकाम खात्यात, जिथे तो पूल येतो असं वाटेल तिथे द्या. चुकीच्या ठिकाणी गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचं काम त्यांचं असतं, तुमचं नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका. दुधाच्या हिशेबाची वही आपण जपतो तशी ती जपा.

आणि ज्यांचं सासर-माहेर खेड्यात आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, तसा कायदाच आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्यांपुरती होते, चहा-बिस्किटं होतात आणि वही फिरते. पुढच्या वेळी सही करण्याआधी एवढंच म्हणा, "पुलाचा ठराव लिहा, मग सही." एकटीने म्हणायला लाज वाटली तर चौघी मिळून म्हणा. 'आपण चौघीच तर आहोत' हे वाक्य एकदा तरी चांगल्या कामाला येऊ दे!

मी स्वतः असा अर्ज दिला आहे. आमच्या शाळेच्या वाटेवर ओढ्यावरचा एक साकव आहे, त्याचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी एका बाजूने गेला आहे. मुलं त्याच बाजूने हात लावत चालतात, कारण त्या बाजूला बेडूक दिसतात. तीस दिवस झाले, उत्तर आलं. तुम्हाला उत्सुकता असेल ना काय आलं? 'सदर ठिकाणी सूचनाफलक लावण्याची कार्यवाही करण्यात येत आहे.'

मी ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना पापड बंद करायला पाहिजेत. दुसरा अर्ज लिही."

लिहिला. पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलं की कळवीनच. तोवर वन्संचा फोन आला होता, यंदा पावसाळ्यात कुठे नेणार म्हणून. मी सांगितलं, यंदा घरीच या. गच्चीवरून लोहगडाच्या बाजूचे ढग दिसतात. २०२५ च्या जुलैत त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आहे, आणि गच्चीवरून बघायला गर्दी नसते. गरम भजी करीन. माळ्यावरून मोठी कढई मी स्वतः काढीन. शिडी आता चांगली घट्ट आहे, आणि तिच्यावर एकही पाटी नाही.